लांबट चेंडू आणि अडलेली सुपारी

आयुष्यातल्या पहिल्याच रग्बीच्या सामन्यात मी चेंडू काखेत मारला, शेजारच्या नांदे गावच्या सगळ्या पोरांना चुकवलं, त्यांची शेवटची रेघ ओलांडली आणि तिथून गर्रकन वळून तितक्याच वेगाने परत आमच्या बाजूला पळत आलो. मधली रेघ पार केल्यावर चेंडू डोक्यावर धरला आणि इतका वेळ कोंडून ठेवलेला दम सोडला. आमच्या निम्म्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं. वाटेत ज्यांना माझा धक्का लागला होता ते नांदेकर आपण बाद झालो असं समजून, मान खाली घालून, बांधावर जाऊन बसलेसुद्धा. मैदानाच्या मधोमध फक्त आम्हाला हा खेळ शिकवणारे सुभेदारतात्या उभे होते. शिट्टी त्यांच्या तोंडात होती, पण ती वाजवायची असते हे ते विसरले होते.

दोष हुतूतूचा. चालता यायला लागल्यापासून आम्ही जो खेळ खेळलो, त्यात दुसऱ्याच्या हद्दीत जायचं, त्याच्या गड्यांना शिवायचं आणि दम तुटायच्या आत आपल्या घरी परत यायचं, तेव्हा कुठे गुण पदरात पडतो. जो तिकडेच राहिला तो मेला. तात्यांनी सांगितलं होतं, रेघेपलीकडे जा. मी गेलो. तिथे पोचल्यावर चेंडू जमिनीला टेकवायचा, तरच गुण, हेही त्यांनी सांगितलं होतं, नाही असं नाही. पण ऐन वेळी पायांनी मला विचारलंच नाही. ते आपल्या लहानपणीच्या सवयीने घरी आले आणि मला सोबत घेऊन आले.

ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण बांधावर जे बघे होते, त्यांत लाल पटका बांधलेला एक धिप्पाड माणूस होता. कासारसाईचे वस्ताद. तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचे म्हणून त्यांना सगळे वस्ताद म्हणत. नांद्याला बहिणीच्या घरी आले होते, गलका ऐकून बघायला थांबले. ज्या मुलीशी माझी सोयरीक जवळपास ठरली होती, तिचे हे सख्खे मामा. मुलीला वडील नव्हते, ती मामांच्याच घरी वाढलेली, तिथे त्यांचा शब्द शेवटचा. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा ते परगावी होते, म्हणून त्यांनी मला आधी पाहिलेलं नव्हतं. शेजारच्याला त्यांनी विचारलं, "कोण रं त्यो उलटा पळणारा?" शेजारच्याने कौतुकाने माझं नाव, बापाचं नाव आणि गाव, सगळं सांगितलं. दोन-तीन दिवसांत आमच्या गावी, घोटावड्याला, निरोप आला: पोरगं दिसायला बरं हाय, पण डोस्क्याचं जरा बघून घेऊ. सुपारी सध्या थांबवा.

आमच्याकडे सुपारी फुटली की सोयरीक पक्की. ती थांबली म्हणजे गावात तोंड लपवत हिंडायची पाळी. निरोप आला तेव्हा आई जात्यावर नाचणी दळत होती. तिने जातं थांबवलं नाही, पण घरघर अशी काही वाढली की गोठ्यात रेडकू दचकून उठलं. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर दोर वळत होते. ते मान वर न करता म्हणाले, "मी तवाच म्हणलं हुतं, कुस्ती सोडून अंड्यामागं लागू नको."

त्या चेंडूला सगळा गाव अंडंच म्हणायचा. तो आमच्या वाडीत आला तो सुभेदारतात्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून. तात्यांचं घर आमच्या अंगणाला लागून. वीस-बावीस वर्षं पलटणीत काढून ते पेन्शन घेऊन आले, तेव्हा ट्रंकेत काय काय असेल म्हणून आम्ही पोरं दाराशी घोटाळत होतो. निघाले खिळ्यांचे बूट, एक शिट्टी, आणि एक चपटं, सुरकुतलेलं कातडं. तात्यांनी मास्तरांच्या सायकलचा पंप मागून आणला आणि त्या कातड्यात हवा भरली. ते फुगत फुगत गेलं आणि दोन्ही टोकांना निमुळतं झालं. आम्ही वाट बघत होतो की अजून थोडी हवा भरली की गोल होईल. म्हादू धनगर तर म्हणाला, "तात्या, हितं जरा दाबून बघा, एका अंगाला आलंय." तात्या म्हणाले, "असंच असतंय ते." जमिनीवर आपटलं तर कधी उजवीकडे उडे, कधी डावीकडे, कधी आपल्याच तोंडावर. माझा पुढचा दात किंचित आत गेलेला आहे तो त्याच दिवसापासून.

चामड्याची वस्तू म्हणून आईने ती घरात घेऊ दिली नाही. उंदरांच्या भीतीने खालीही ठेवता येईना. शेवटी गोठ्यात दुधाच्या शिंक्याशेजारी आणखी एक शिंकं बांधलं आणि त्यात तो चेंडू टांगला. दर दोन दिवसांनी त्याला एरंडेल चोळायचं काम माझ्याकडे. म्हैस धार देताना मान वळवून त्याच्याकडे बघत राहायची. तिला काय वाटत असेल कोण जाणे. आजही एरंडेलाचा वास आला की सुनेला वाटतं मला पोटाची तक्रार आहे. मला मात्र तो अंधारा गोठा आणि लोंबकळणारा चेंडू दिसतो.

तात्यांनी नियम शिकवले ते आमच्या अंगणात, आईच्या टोपलीतले कांदे नि वांगी मांडून. एका बाजूला पंधरा गडी. पुढे आठ कांदे, तीन, दोन, तीन अशा रांगा करून, हे रेटणारे. मागे सात वांगी, तिरकी पसरलेली, हे पळणारे. मी सगळ्यात कडेचं वांगं. "हातानं चेंडू पुढं टाकायचा न्हाई," तात्या म्हणाले. "पुढं न्यायचा तर काखंत धरून पळायचं, न्हाईतर लाथेनं मारायचा. हातानं गड्याला द्यायचा तर मागच्यालाच. हातातनं निसटून पुढं सांडला तरी चूक." म्हादू एक वांगं मागे मागे सरकवत म्हणाला, "मागं मागं देत ऱ्हायलो तर पुढं कवा जायाचं?" तात्या म्हणाले, "पळून." चेंडूच्या पुढे जाऊन खेळायचं नाही, गडी आपल्या बाजूला राहिला पाहिजे. ज्याच्या हातात चेंडू त्यालाच धरायचं, दुसऱ्याला नाही. खांद्याच्या वर हात लावायचा नाही, पाय आडवा घालायचा नाही. एवढं सांगेपर्यंत आई सूप घेऊन आली. "तात्या, तुमचं झालं असंल तर वांगी न्हेते. चूल पेटलीय." तात्यांनी सात वांगी उचलून दिली. त्या रात्री मी स्वतःला कालवणात खाल्लं.

खरा घोळ पकडीचा झाला. हुतूतूत गडी सापडला की त्याचा दम तुटेपर्यंत दाबून धरायचं. कुस्तीत खाली घातला की पाठ लावायची. तात्यांच्या खेळात मात्र गडी पाडला की लगेच सोडायचा, आणि पडलेल्याने चेंडू सोडायचा. आमच्या पोरांना पाडायला शिकवावं लागलं नाही. घोट्याची पकड तर आमच्या रक्तात. पण सोडायला शिकवता शिकवता तात्यांचा घसा बसला. म्हादू एकाला धरून बसला तर शिट्टी ऐकूनही सोडीना. म्हणाला, "धरलाय कशाला मग?" 

स्क्रम मात्र म्हादूला चटकन समजला. काही चूक झाली की दोन्हीकडचे आठ-आठ जण कमरेत वाकून, एकमेकांच्या गळ्यात हात अडकवून खांद्याला खांदा भिडवतात, मध्ये चेंडू सोडतात, आणि रेटून, पायाने ओढून तो मागे काढतात. म्हादूच्या घरी शंभरेक मेंढरं. तो म्हणाला, "हे तर एडक्यांचं हाय. एडका डोस्क्यानं मारत न्हाई, मागच्या पायानं मारतो." दुसऱ्या दिवसापासून आमचे आठही कांदे गुडघे वाकवून, टाचा रोवून रेटायला लागले. तात्यांनी पहिल्यांदा मिशीवरून हात फिरवला.

तर सुपारी थांबली. आबा स्वतः कासारसाईला गेले. वस्तादांनी त्यांना चहा पाजला, बैलांची चौकशी केली आणि सांगितलं, "पाटील, माझी भाची बापाविना हाय. डोळं झाकून द्यायची न्हाई. तुमच्या यात्रेला त्योच खेळ हाय म्हणं. आमी गाडी जुंपून येतो. पोरगं शान्यासारखं खेळलं तर तिथंच सुपारी फोडू. पुन्यांदा उलटं पळालं, तर तुमचं तुमच्या घरी, आमचं आमच्या घरी." आबांनी हे घरी येऊन सांगितलं आणि वर म्हणाले, "आता तुझं तू बघ."

माझं मी बघायला मला कारण होतं. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिने मान वर केली नव्हती, मीही केली नव्हती, आम्ही दोघांनी मिळून जमिनीचंच निरीक्षण केलं. पण पोह्यांच्या ताटल्या आल्या तेव्हा सगळ्यांना चिमूटभर खोबरं आणि माझ्या ताटलीत पोहे दिसू नयेत इतकं. परतीच्या वाटेवर माझ्या मनाने निर्णय घेऊन टाकला होता. तो मोडायचा म्हणजे मला उरलेल्या जन्मात खोबरं खाता आलं नसतं.

यात्रेच्या दिवशी दुपारी एरवी कुस्त्यांचा फड असायचा. तात्यांनी पंचांच्या हातापाया पडून त्याआधी सामन्याची वेळ मिळवली. समोर कोण, तर तात्यांच्या जुन्या पलटणीतले, पुण्याच्या छावणीतले रंगरूट. तयारीला अख्खं गाव लागलं. मैदान म्हणजे गायरान. रेघा मारायला चुना कुठला आणणार? पोरींनी घरोघरच्या चुलींतली राख पाट्या भरून आणली आणि तात्यांनी दोरी धरून रेघा ओढल्या. दोन्ही टोकांना उंच कळक, म्हणजे जाड बांबू, रोवले, मध्ये दीड-दोन पुरुष उंचीवर आडवा कळक काथ्याने बांधला. लाथेने मारलेला चेंडू त्या आडव्याच्या वरून, दोन उभ्यांच्या मधून गेला पाहिजे. यात्रेच्या सकाळी बघतो तर दोन्ही कमानींना आंब्याची तोरणं आणि बुंध्याला हळदकुंकू. बायकांना वाटलं देवाची कमान आहे. तात्या तोरण काढायला निघाले, तर आईने अडवलं. "राहू द्या. त्येनं काय चेंडू अडतोय व्हय?" तोरण राहिलं.

अंगावर घालायला आईने मांजरपाटाचे जाड सदरे शिवले आणि कावेत बुडवून तांबडे केले. कॉलर पाहिजे आणि शिवण दुहेरी पाहिजे, ओढाताणीत फाटतं, असा तात्यांचा हुकूम होता. पहिल्या रांगेतल्या कांद्यांचे कान रेटारेटीत सोलून निघायचे म्हणून त्यांनी डोक्याभोवती, कानांवरून पट्टीसारखं जुनं धोतर घट्ट बांधलं. बूट आमच्याकडे नव्हतेच. रंगरुटांचे खिळ्यांचे होते. तात्यांनी सामन्याआधी प्रत्येक खिळा अंगठ्याने चाचपून बघितला, एकाचा धारदार निघाला तो दगडावर घासून घ्यायला लावला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या टाचा त्येंच्या खिळ्यांपेक्षा कडक हायेत." हे मात्र खरं होतं. सकाळी आम्हाला हुलग्याचं माडगं पाजलं होतं, वर काही खायला बंदी. सगळ्या गावात मटण शिजत होतं आणि आम्ही पंधरा जण वास घेत फिरत होतो.

कासारसाईची गाडी आली आणि नेमकी रंगरुटांच्या रेघेच्या कोपऱ्याशी, माझ्याच कडेला उभी राहिली. वस्ताद जोखडावर हात टेकून उभे. आत दोन-तीन बायका, त्यांत एक हिरवा पदर. मी एकदाच पाहिलं आणि मग पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं, ते बऱ्यापैकी पाळलं.

शिट्टी वाजली ती पलटणीच्या मेजरसाहेबांची. पंच तेच. पहिला अर्धा भाग आमच्यासाठी फार वाईट गेला. रंगरूट चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात असा मागे मागे देत पुढे येत की धरावं कुणाला ते कळेना. आम्ही ज्याला पाडलं, त्याला सोडत नव्हतो. तात्या कडेने ओरडत होते, "सोड, सोड त्येला." त्यांच्या मागे उभा असलेला हुतूतूवर वाढलेला आमचा गाव तितक्याच जोराने ओरडत होता, "सोडू नको, दाब." आमचे आबाही त्यात होते. पोरांनी अर्थातच गावाचं ऐकलं. मेजरसाहेब शिट्टी वाजवत, रंगरुटांना मोकळी लाथ मिळे आणि चेंडू गावाच्या डोक्यावरून जाऊन आमच्या रेघेजवळ पडे. असं करत त्यांनी दोनदा आमच्या रेघेपलीकडे चेंडू टेकवला. तेव्हा एकदा टेकवला की तीन गुण असत. टेकवल्यावर कमानीवरून लाथ मारून आणखी दोन मिळवता येत, ते त्यांना दोन्ही वेळा जमले नाहीत. आईचं म्हणणं, तोरणाने अडवलं. त्यांचे सहा, आमचं काहीच नाही.

मध्यंतरात गुळाचं पाणी आणि कैरीच्या फोडी आल्या.  तात्या सरळ गावासमोर जाऊन उभे राहिले. पलटणीतला आवाज काढून म्हणाले, "ऐका. आजपर्यंत धरायला शिकलात. आता तासभर सोडायला शिका. गडी पडला की सगळ्यांनी ओरडायचं, सोड. जो दाब म्हणंल त्येला यात्रेचं जेवण न्हाई." गावाला नियम कळला का माहीत नाही, जेवण कळलं.

दुसऱ्या भागात जे झालं ते मी माझ्या लग्नापेक्षा जास्त वेळा सांगितलं आहे. रंगरूट चेंडू घेऊन आला की आमचा एक जण वाकून घोटा धरे, तो आडवा होई, आणि सगळं गायरान एका सुरात म्हणे, "सोऽड." हात आपोआप सुटायचे. चेंडू मोकळा, आणि उठून तो घ्यायला आमचे अनवाणी पाय त्यांच्या बुटांपेक्षा चपळ. स्क्रममध्ये म्हादूने टाचा रोवल्या आणि ते आठ धिप्पाड जवान मागे सरकायला लागले, तेव्हा मेंढ्या राखणारी सगळी वाडी उभी राहिली. त्यांच्या रेघेजवळच्या अशाच एका रेट्यात म्हादू चेंडूसकट, रंगरुटांसकट, रेघेपलीकडे गेला आणि चेंडूवर आडवा झाला. तीन गुण. लाथ मारायला स्वतः म्हादूच पुढे आला. त्याने बोटाने मातीत खळगा केला, चेंडू उभा ठेवला, दोन पावलं मागे गेला आणि चुकार मेंढरू हाकलावं तशी लाथ घातली. चेंडू तोरणाची पानं झाडत वरून गेला. आमचे पाच, त्यांचे सहा.

आता वेळ संपत आली होती. मेजरसाहेब मनगटाकडे बघायला लागले. मधल्या रेघेजवळ स्क्रम झाला, आमच्या कांद्यांनी चेंडू मागे काढला, आणि तो एका वांग्याकडून दुसऱ्याकडे, मागे मागे, येत येत माझ्या पोटाशी आला. समोर मोकळी जागा. मी पळालो. तात्यांनी बंदी घातली होती तरी तोंडातून आपोआप हुतूतू सुटलं. माझा दम गावात नावाजलेला, त्या एका दमात मी दोघांना चुकवलं. तिसरा हा कसला मंत्र म्हणतोय म्हणून क्षणभर थबकला, तेवढंच मला पुरलं. पुढे राखेची रेघ दिसली. तिच्या पलीकडे कासारसाईची गाडी, बैलांची शिंगं, लाल पटका.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळं गायरान गप्प झालं आहे. माझं आधीचं कर्तृत्व सगळ्यांना माहीत होतं. मग आईचा आवाज आला, एकटीचा. "नाम्या, परत येऊ नको रं." त्यामागे सगळा गाव, धनगरवाडी, नांद्याची ती बाद झालेली पोरंसुद्धा, "टेकव, टेकव." मी शेवटची पावलं टाकत होतो तोच मागून कुणीतरी माझे दोन्ही पाय कवेत घेतले. मी रेघेच्या अलीकडे कोसळलो, पण पळतीच्या झोकात पोटावरून घसरत गेलो, पोटाखालून राख, माती, एक सराटा, सगळं गेलं. दोन्ही हात लांब केले आणि चेंडू रेघेपलीकडे मातीत दाबला.

शिट्टी वाजली. गाव उसळला. हलग्या वाजायला लागल्या. पण मी उठेना. मला खरंच भीती वाटत होती की उठलो तर हे पाय मला घेऊन परत निघतील. मेजरसाहेबांनी हिंदीत सांगितलं, उठा. मी चेंडू धरून पडून. तात्या धावत आले. "आरं झाले गुण. आठ झाले आपले. जिकलो. सोड चेंडू." मी मान हलवली. आयुष्यात एकदा टेकवला होता, तो इतक्यात सोडायचा नव्हता. मग माझ्या डोक्यापाशी दोन मोठी पावलं येऊन थांबली आणि वरून आवाज आला, "शाना हाय पोरगा. गाव म्हणालं परत येऊ नको, तर न उठता पडून ऱ्हायलाय. उठा आता जावईबापू, सुपारी फोडायचीय."

तेव्हा मात्र मी उठलो. सुपारी तिथेच फुटली, तोरणाखाली. बायकांचं म्हणणं शेवटी खरं ठरलं, कमान देवाचीच होती. ज्या रंगरुटाने माझे पाय धरले होते तो पंगतीत माझ्या शेजारी बसला आणि त्याने माझ्यापेक्षा दुप्पट मटण खाल्लं. म्हादूला वस्तादांनी तालमीत यायचं आमंत्रण दिलं. त्या दिवशी कुस्त्यांचा फड उशिरा सुरू झाला, आणि पहिल्याच कुस्तीत एकाने दुसऱ्याला खाली घातल्याबरोबर सगळा गाव सवयीने ओरडला, "सोड," आणि त्याने बिचाऱ्याने सोडला.

आता त्या गायरानाला कारखान्याचं पत्र्याचं कुंपण आहे. नातू दूरदर्शनवर कधी तो खेळ दिसला की मला हाक मारतो. एकेकाच्या तोंडात दातांचं संरक्षण, डोक्याला टोप, पायांत रंगीत बूट. एका टेकवण्याला आता पाच गुण देतात म्हणे. महागाईच्या मानाने ठीक आहे. मी खुर्चीतून उठून त्याला पकड दाखवायला जातो, मग गुडघा धरून परत बसतो.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. मांडव उतरल्यावर एका सकाळी सरू, म्हणजे माझी बायको, चुलीपुढे भाकऱ्या थापत होती आणि मी समोर बसून तिला माझा पराक्रम पहिल्यापासून ऐकवत होतो. मी कसा पळालो, कसा घसरलो, पोटावरचा सराट्याचा व्रणही दाखवला. तिने भाकरी तव्यावर टाकली, तिला वरून पाणी लावलं आणि म्हणाली, "म्या कुटं बघितलं? तुमी पळायला लागला तवा म्या पदरात तोंड घालून बसले हुते." मी जरा हिरमुसलो. म्हटलं, मग मी कसा आहे ते तुला कळलं कधी? तेव्हा ती तव्याकडेच बघत म्हणाली, "मामा नांद्यावनं आले ना, त्याच दिशी. घरात सांगत हुते, पोरगं पार पल्याड गेलं नि तसंच माघारी आलं, आणि मामी हासत हुती. म्हणलं, एवढं लांब गेलं नि आपल्या घराकडं परत आलं, त्यात येडं काय? मला तवाच पसंत हुतं. आता उठा, म्हशीला पाणी दावून या. आणि दावून झालं की तिथं पडून नका राहू, परत या."